जुन्या ऑफ-रोड गाडीला गंजापासून कसं वाचवायचं: धुण्यापासून मेणापर्यंत

जुन्या ऑफ-रोड गाडीच्या रंगावर गंजाचा फोड दिसतो, तेव्हा त्यामागचा पत्रा बहुतेक वेळा आतल्या बाजूने खाऊन झालेला असतो. चिखल, नदीनाले, समुद्रकाठची वाळू यांतून फिरलेल्या गाडीत पाणी आणि माती बंद पोकळ्यांमध्ये जाऊन बसतात: चॅसीच्या (गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या) पेटीत, दारांच्या तळाशी, दारांखालच्या पोकळ पट्टीत. बाहेरून कितीही चकचकीत काळा रंग मारला तरी तो तिथे पोचत नाही. त्यामुळे नव्याने जुनी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. आधी पाणी कुठे अडतंय ते शोधा, त्याला बाहेर पडायला वाट करून द्या, गाडी पूर्ण वाळवा. लेप त्यानंतर.

गंज चालतो कसा

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. यातलं आपल्या हातात असतं ते मुख्यतः पाणी. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून समुद्राचं पाणी किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीला लागलं की गंजाचा वेग खूप वाढतो. नुसती दमट हवाही पुरते. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं पोलाद झपाट्याने गंजू लागतं, आणि त्यावर मिठाचा थर असेल तर याहून कमी आर्द्रतेतही, कारण मीठ हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतं.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. म्हणूनच रंग फुगतो, आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की स्पॉट वेल्डिंग असूनही ते पत्रे एकमेकांपासून उचकटतात. त्यात तो ठिसूळ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे खालच्या लोखंडाचं रक्षण करण्याऐवजी ओल धरून ठेवतो.

‘ॲल्युमिनियमची बॉडी आहे, मग गंजाची काय चिंता’ हा समज मात्र लवकर सोडलेला बरा. १९४८ मध्ये आलेल्या मूळ लँड रोव्हरचं उदाहरण घ्या. बाहेरचे बरेचसे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, पण चॅसी पोलादाची आणि इंजिन व केबिन यांच्यामधली भिंतही पोलादाची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की त्यातला ॲल्युमिनियम खाल्ला जातो. सांध्यापाशी पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग दिसला तर हेच चाललेलं असतं. पोलाद गंजतं ते वेगळंच.

पहिली पायरी: गाडी नीट उचला

सपाट, टणक जमीन निवडा. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, गाडी जॅकने उचला आणि तिच्या वजनाला पुरतील अशा स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक: स्टँड जिथे लावणार ती जागा आधी हातोडीने ठोकून बघा. सडलेल्या चॅसीतून स्टँड आत घुसू शकतो. खात्री नसेल तर ॲक्सलखाली आधार द्या.

डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण खाली झोपून काम करताना गंजाच्या खपल्या थेट चेहऱ्यावर पडतात. खूप जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे रंग घासताना चांगला डस्ट मास्क लावा आणि जमेल तिथे कोरडं घासण्याऐवजी पाण्याचा पॉलिश पेपर वापरा. लहान मुलं त्या धुळीपासून लांब.

दुसरी पायरी: धुणं

हे काम लोक घाईने उरकतात, आणि पुढची सगळी मेहनत त्यामुळे वाया जाते. चिखलाचा थर वरून वाळलेला दिसला तरी आत दिवसेंदिवस ओला राहतो. तो चाकांवरच्या कमानींच्या आतल्या कडेवर, स्प्रिंगच्या बैठकीवर, इंधनाच्या टाकीच्या वरच्या बाजूला आणि चॅसीवर बॉडी जिथे टेकते त्या जागांवर साचतो. हात घालून तो बोटांनी उकरून काढा, लाकडाची पातळ पट्टी वापरा, मग पाणी मारा.

प्रेशर वॉशर वापरलात तरी तो व्हील बेअरिंगची सीलं, डिफरन्शियलची (ॲक्सलमधल्या दातेरी चक्रांच्या पेटीची) सीलं, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्या यांच्यावर जवळून रोखू नका. आणि चॅसीच्या पोकळीत तर जोरापेक्षा पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं. साध्या नळाचा पाइप चॅसीच्या भोकात घालून पाणी सोडा आणि खालच्या भोकातून काय येतंय ते बघत राहा. आधी दाट गढूळ पाणी येतं, मग वाळू, मग अधूनमधून गंजाचे पापुद्रे. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत थांबू नका. एखाद्या भोकातून पाणी येतच नसेल तर ते बुजलेलं आहे. तार घालून मोकळं करा. खालून बादलीत जमलेले पापुद्रे टाकून देण्याआधी हातात घेऊन बघा. कागदासारखे पातळ, बोटांनी चुरा होणारे असतील तर वरवरचा गंज आहे. नखाएवढे जाड, थरांचे तुकडे पडत असतील तर चॅसी आतून बरीच झिजली आहे असं समजून पुढची तपासणी करा.

ग्रीस आणि तेलाचे थर मात्र डिग्रीझरने काढा, आणि तेही घासायला सुरुवात करण्याआधी. तेलकट पत्र्यावर ग्राइंडर चालवला की तेल ओरखड्यांमध्ये भरतं आणि वरचा प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही.

त्यानंतर वाळवणं. उन्हात, वाऱ्यात, पंखा लावून, जसं जमेल तसं. पण पोकळ्या वाळायला वरच्या पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. दारं उघडी ठेवा, रबरी मॅट आणि गालिचा बाहेर काढा. ओली, खारी गाडी बंद उबदार गॅरेजमध्ये उभी करणं हे थंड पण मोकळ्या हवेच्या शेडपेक्षा वाईट, कारण ऊब आणि ओल एकत्र आल्या की गंजाचा वेग वाढतो.

तिसरी पायरी: तपासणी

एक छोटी हातोडी, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर, एक टॉर्च आणि एक लोहचुंबक एवढं पुरतं. चॅसीवर हातोडीने वीतभर अंतराने ठोकत जा. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं. सडलेली जागा बद्द वाजते आणि आतून खपल्या गळल्याचा आवाज येतो. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर जोर लावून दाबा. संकोच करू नका. जी जागा स्क्रू ड्रायव्हरने फुटते ती खडकाळ वाटेवर फुटणारच होती. वरून ताजं काळं कोटिंग मारलेली चॅसी विकायला आलेली असते तेव्हा तर हे करायलाच हवं. त्या जाड काळ्या थराखाली कधी कधी नुसता गंजाचा पापुद्रा उरलेला असतो, आणि स्क्रू ड्रायव्हर दांड्यापर्यंत आत जातो.

लोहचुंबक पुट्टी शोधायला. रंगवलेल्या पोलादी पत्र्यावर तो घट्ट बसतो; जिथे ढिला पडतो तिथे रंगाखाली पुट्टी किंवा फायबर आहे. ॲल्युमिनियमवर तो चिकटणारच नाही, त्यामुळे आपल्या गाडीचा कुठला भाग कशाचा आहे ते आधी माहीत करून घ्या.

बघायच्या जागा: मागचा क्रॉस मेंबर (चॅसीची आडवी पट्टी), स्प्रिंगचे आणि शॅकलचे (स्प्रिंगचं टोक धरणाऱ्या कडीचे) आधार, शॉक ॲब्सॉर्बरचे आधार, चॅसी मागच्या ॲक्सलवरून वळते तो भाग, बॉडी माउंट, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, पाय ठेवायचे खोलगट पत्रे, दारांचा तळ, पुढच्या काचेची चौकट आणि वायपरखालची खाच. पोकळीत डोकावण्यासाठी फोनला जोडायचा लवचीक कॅमेरा फार उपयोगी पडतो. चॅसीच्या आतली अवस्था एरवी कळत नाही.

ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या मी मुद्दाम वेगळ्या सांगतो, कारण गाडी वाचवण्याच्या नादात जीव वाचवणारा भाग राहून जातो. पोलादी ब्रेक पाइप क्लिपांखाली गंजतो, जिथे माती अडकलेली असते. क्लिप उघडून बघा. पाइपावर खड्डे पडले असतील तर घासून रंगवू नका, बदला. तांबं-निकेल मिश्रधातूच्या नळ्या गंजाला खूप चांगल्या टिकतात आणि वाकवायलाही सोप्या.

चॅसी, सस्पेन्शनचे आधार, सीटबेल्टचे आधार यांपैकी कशालाही भोक पडलं असेल तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा. तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करायचं काम आहे आणि ते अनुभवी माणसानेच करावं. सडका भाग कापून चांगल्या लोखंडापर्यंत जायचं आणि तिथे नवा तुकडा जोडायचा. गंजक्या पत्र्यावर ठिगळ चिकटवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, आणि इंधनाची टाकी व नळ्या त्या जागेपासून दूर काढा.

चौथी पायरी: पाण्याला वाट

गाडी बनवताना दिलेली पाणी निघायची भोकं चॅसीच्या तळाला, दारांच्या खालच्या कडेला, दारांखालच्या पट्टीत असतात. माती, जुनं कोटिंग किंवा आधीच्या मालकाने ओतलेलं सीलंट यांनी ती बुजलेली असतात. सगळी मोकळी करा. वायपरखालच्या खाचेत पानं कुजतात, ती काढा. तिथलं पाणी केबिनच्या भिंतीतून थेट पायाखाली उतरतं.

मग पाणी आत कुठून येतं ते बघा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून काचेच्या रबरावर, टपाच्या सांध्यांवर, दारांवर साधं पाणी सोडायचं. कडक झालेली रबरं बदला. जाड फोमचा गालिचा जुन्या ऑफ-रोड गाडीत नसलेलाच बरा. एकदा भिजला की महिनोन्‌महिने पत्र्याला ओल पाजत राहतो. उचलून वाळवता येईल अशी रबरी मॅट टाका आणि भिजल्यावर खरंच उचला.

पाचवी पायरी: गंज काढणं

दिसणाऱ्या फोडावर थांबू नका. गंज रंगाखाली बाजूला पसरलेला असतो, म्हणून फोडाच्या कडेपासून बाहेर घासत जा, स्वच्छ धातू आणि त्याला घट्ट धरून बसलेला रंग सापडेपर्यंत. त्या रंगाची कड पॉलिश पेपरने उतरती करा, पायरी राहू देऊ नका.

जाड खपल्या हातोडीने आणि पटाशीसारख्या स्क्रॅपरने उडवा. मग ग्राइंडर किंवा ड्रिलवरचा वायर ब्रश. याच्या तारा सुटून गोळीसारख्या उडतात, म्हणून गॉगलवर पूर्ण चेहऱ्याची ढाल घ्या. वायर ब्रशची एक फसवणूक लक्षात ठेवा: तो गंज काढण्याऐवजी कधी कधी त्यालाच घासून चमकवतो. पत्रा तपकिरी-राखाडी, गुळगुळीत दिसतो आणि काम झालं असं वाटतं. टॉर्च तिरका धरून जवळून बघा. धातूत बारीक काळे ठिपके दिसतील. ते खड्ड्यांत उरलेला गंज आहेत आणि नवा फोड तिथूनच येणार. त्यासाठी घासणारी डिस्क, टोकदार स्क्रॅपर किंवा सँडब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळूसारखे कण मारणं). पातळ पत्र्यावर मात्र ब्लास्टिंग जपून. पत्रा तापून वाकतो.

सगळेच ठिपके निघत नाहीत, आणि रस्ट कन्व्हर्टरची खरी जागा ही. फॉस्फोरिक आम्ल असलेला कन्व्हर्टर गंजाचं लोह फॉस्फेट करतो, टॅनिक आम्ल असलेला त्याचं निळसर काळं लोह टॅनेट करतो. दोन्ही फक्त पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर काम करतात. सुट्या खपल्यांवर ओतून उपयोग नाही, तो खालपर्यंत झिरपत नाही. कन्व्हर्टरनंतर धुवायचं की तसाच ठेवून रंगवायचं हे प्रत्येक उत्पादनाचं वेगळं असतं. डब्यावरचं वाचा आणि तसंच करा.

सुटे ब्रॅकेट, बिजागऱ्या यांसाठी विद्युत-विघटन चांगलं: प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम संयुगं पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून काम मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर.

सहावी पायरी: प्राइमर आणि रंग

स्वच्छ केलेलं पोलाद दमट हवेत काही तासांत केशरी पडतं. जेवढा भाग आज घासणार तेवढ्यालाच आजच्या आज प्राइमर लागला पाहिजे. संपूर्ण चॅसी एका दिवसात घासायचा उत्साह आवरा.

प्राइमर लावण्याआधी मेण आणि तेल काढणाऱ्या द्रवाने पुसा आणि नंतर त्या जागेला उघड्या हाताने शिवू नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसने जास्त असायला हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा थर रंगाखाली अडकतो. सकाळच्या गार पत्र्यावर रंग न मारण्याचं कारण हे.

प्राइमरमध्ये माझी पसंती दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीला. तो घट्ट धरतो आणि ओल अडवतो. जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्राइमर वेगळ्या पद्धतीने काम करतो, त्यातलं जस्त लोखंडाआधी स्वतः खर्ची पडतं. पण त्यासाठी तो नुसत्या स्वच्छ धातूला थेट टेकायला हवा. गंजावर, कन्व्हर्टरवर किंवा जुन्या रंगावर तो लावून फायदा नाही. साधा रेड ऑक्साइड प्राइमर सच्छिद्र असतो. त्यावर वरचा रंग न देता गाडी पावसात फिरवली तर तो गंज अडवत नाही.

कडा, वेल्डिंगच्या रेषा आणि बोल्टची डोकी यांवर रंग ताणला जाऊन पातळ बसतो, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी एवढ्याच जागांना ब्रशने एक हात द्या, मग सगळीकडे. सांध्यांवर सीम सीलर (सांधे बुजवणारी पेस्ट) लावायचा तर प्राइमरवर लावा, उघड्या पत्र्यावर नाही, आणि पाणी निघायच्या फटी त्याने बंद करू नका. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकतं तिथे दोन्ही बाजू रंगवून मध्ये रबर किंवा नायलॉनचं वॉशर घाला.

ज्या दोन-भागी रंगांमध्ये आयसोसायनेट (श्वासातून गेल्यास घातक रसायन) असतं ते साधा मास्क लावून स्प्रे करू नका. त्यांना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं उपकरण लागतं. ते नसेल तर स्प्रे रंगाऱ्यावर सोपवा.

चॅसी पूर्ण सुटी केली असेल तर गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करणं हा सर्वात टिकाऊ पर्याय. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवल्यामुळे पोकळीच्या आतही थर बसतो. त्यासाठी आधी सगळी दुरुस्ती झालेली हवी आणि हवा व जस्त बाहेर पडायला पुरेशी भोकं हवीत. वाकण्याचा धोका राहतो. नंतर त्यावर वेल्डिंग करू नये. जस्ताचा धूर अपायकारक असतो.

सातवी पायरी: पोकळ्यांत मेण

माझ्या मते सगळ्या कामात याला तोड नाही, आणि बहुतेकजण इथेच हात आखडता घेतात. पोकळ्यांसाठीचं मेण पातळ असतं, सांध्यांत शिरतं आणि कायम थोडं मऊ राहतं, त्यामुळे चॅसी पिळली तरी त्याला भेगा पडत नाहीत. लॅनोलिन म्हणजे लोकरीतलं मेण असलेले स्प्रेही चांगले, फक्त ते वारंवार द्यावे लागतात.

मेणाचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करा, ज्योतीवर कधीच नाही. लांब लवचीक नळी आणि चहूबाजूंना फवारणारा नोझल घ्या. नळी पोकळीच्या टोकापर्यंत आत सारा, फवारा सुरू करा आणि सावकाश मागे ओढत या. शेजारच्या भोकातून मेण ठिबकताना दिसलं की तो भाग भरला. खाली पुठ्ठे अंथरा. दुसऱ्या दिवशी तार घेऊन फिरा आणि पाण्याच्या वाटा पुन्हा मोकळ्या करा, कारण मेणाने त्या बुजतात. ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम, एक्झॉस्ट, सीटबेल्ट आणि रबरी बुश यांच्यावर मेण जाऊ देऊ नका. वेल्डिंग राहिलं असेल तर ते आधी. मेण पेट घेतं.

बाहेरच्या तळाला पारदर्शक किंवा फिकट मेण लावणं मला जाड काळ्या डांबरी कोटिंगपेक्षा योग्य वाटतं. डांबरी थर वर्षांनी कडक होतो, त्याला भेगा पडतात, पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. वरून सगळं छान दिसत राहतं. पारदर्शक मेणाखाली काय चाललंय ते दिसतं.

इंजिनातून काढलेलं जुनं तेल चॅसीला फासायची पद्धत बरीच चालते. करू नका. त्यात आम्लं आणि धातूंचे अंश असतात, ते त्वचेला घातक आहे, रबर फुगवतं आणि ठिबकून जमीन नासवतं. बॅटरीला जोडून गंज थांबवण्याचा दावा करणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रंही सोडून द्या. जहाजांच्या तळाला आणि जमिनीतल्या पाइपलाइनला असा विद्युत बचाव चालतो, कारण तिथे धातूभोवती सलग पाणी किंवा ओली माती असते आणि त्यातून विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. हवेतल्या गाडीला ते मिळत नाही.

आठवी पायरी: राखण

खाऱ्या पाण्यातून किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ आणि चॅसीची आतली बाजू धुवा. पाण्यात खोल उतरला असाल तर डिफरन्शियलचं तेल तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तेल बदला आणि ब्रीदरची (आतली हवा ये-जा करण्याची) नळी बघा. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची तर गवतावर किंवा मातीवर नको, आणि हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाखालीही नको.

वर्षातून एकदा, पाऊस किंवा बर्फाचा मोसम सुरू होण्याआधी, गाडी पुन्हा उचला. भोकं मोकळी आहेत का बघा, दगड लागून उडालेला रंग टिपा, चाकांमागे घासून गेलेलं मेण पुन्हा लावा. त्याच कोनांतून दरवर्षी फोटो काढून तारखेसह जपून ठेवा. गेल्या वर्षीच्या फोटोपेक्षा एखादा डाग मोठा दिसला तर तेवढ्या भागाचं मेण पुसून पाचव्या पायरीपासून काम पुन्हा करा; बाकी गाडीला हात लावायची गरज नाही.